भागधारक क्रमांक एक बाहेर गेले आहेत

आज रविवार, दिनांक २१ सप्टेंबर २०२५. सकाळी पाणी भरले. नाश्ता करून, वकिलांनी तयार करून दिलेला अर्ज घेऊन देगलूर नाक्याकडे शहजादीभाभींच्या घरी गेलो. सही न घेता परत आलो. कालच्या भाजीवर जेवण भागवले. पाऊस थांबून थांबून पडतो आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीकडे जाऊ नका, असे गाडीवरून सांगत फिरत आहेत. स्कूटरला किक मारायची राहिली आहे. दुपारी पडलो, पण डोळा लागला नाही. म्हणून उठून हे लिहायला घेतले.

मी, धम्मानंद ग्यानोबा एडके, वय अडुसष्ट, राहणार नांदेड, व्यवसाय बर्फाचा कारखाना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मला कोणी सांगितलेले नाही, कोणाचा धाक नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते म्हणाले, साखर वाढलेली आहे, डोक्याची काही तक्रार नाही. मन मात्र आज जागेवर नाही. त्याचा दाखला कोणी मागत नाही. तरी नोंद करतो, म्हणजे पुढची कलमे मागेपुढे झाली तर वाचणाऱ्याला कारण कळेल. २०१५ साली केलेले मृत्युपत्र यामुळे रद्द समजावे.

कलम १. माझे राहते घर मुलगा सुमेध याला द्यावे. तो लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. हे घर त्याने विकले तरी माझी हरकत नाही. फक्त मागच्या अंगणातला लिंब तोडण्याआधी शेजारच्या उमादेवींना विचारावे. त्यांच्या खिडकीवर त्याचीच सावली पडते.

कलम २. बँकेतल्या ठेवी सुमेधला. माझी पत्नी रेणुका २०१४ साली वारली, तिचे दागिने सूनबाई मंजुश्री हिला. त्यातली बोरमाळ आत्ताच तिच्याकडे आहे. ती तिने मागून नेली नाही, मी दिली. सुमेधने यावरून तिला बोलू नये.

कलम ३. माझी बहीण कोंडाबाई शिरूर अनंतपाळला असते. मी नोकरी सोडून एका बर्फ ओढणाऱ्या माणसाबरोबर कारखाना काढला, तेव्हा तिने चारचौघांत सांगितले होते, "आमच्या धम्माला सरकारी खुर्ची गरम लागली, म्हणून बर्फावर बसायला निघाला." त्यानंतर ती कारखाना बघायला एकदाही आली नाही. तिला माझ्या इस्टेटीतून काही द्यायचे नाही, तिचे बरे चालले आहे. पण कंपनीने आजवर जाहीर केलेल्या लाभांशाचे दर सुमेधने तिला एकदा सावकाश वाचून दाखवावेत. वाचून झाल्यावर तिचे चहापाणी करावे. ती माझ्याहून मोठी आहे.

कलम ४. पान्यांचा पूर्ण संच, अमोनियाचा मास्क, दाब मोजायची दोन घड्याळे आणि जर्मन बनावटीचा मोठा पाना यासेरला द्यावा. यासेर हा कारखान्यातला माझा जोडीदार चांदपाशा याचा पुतण्या. कंपनीत तो आता माझ्याबरोबर संचालक आहे आणि कॉम्प्रेसरही तोच बघतो. मोठा पाना त्याने तीनदा मागितला आणि मी तीनदा नाही म्हणालो, कारण तो पान्याने हातोडीचे काम करतो. आता करू दे.

इथे उठून दारापर्यंत जाऊन आलो. रस्त्यावर कोणी नाही. पुढचे कलम लांब आहे आणि त्यावाचून बाकीचे कळणार नाही.

कलम ५. गोदाकाठ बर्फ प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी मी आणि चांदपाशा अब्दुल गनी यांनी १९९६ साली काढली. त्याआधी आम्ही दोघे दुसऱ्याच्या कारखान्यात होतो. मला सरकारी खात्याची नेमणूक मिळाली होती, ती मी सहा महिन्यांत सोडली आणि कॉम्प्रेसरवर आलो. चांदपाशा हातगाडीवरून लाद्या पोचवायचा. स्वतःचे काढायचे ठरले तेव्हा मी भागीदारी म्हणालो. तो म्हणाला, "भागीदारी नको धम्मा. भागीदारीत दोघंच भांडत बसतात. कंपनी करू, सगळ्यांना भांडू दे."

मग तो शेअर विकत गावभर फिरला. मासळीवाले, रसवंतीवाले, मंडपवाले, हातगाडीवाले, ज्यांना ज्यांना बर्फ लागतो त्यांना त्याने भाग दिले. त्याचे एकच वाक्य होते. "बर्फ विरघळतो, शेअर विरघळत न्हाई." निम्म्याहून जास्त भाग आम्हा दोघांकडे सारखे राहिले. उरलेले त्या सगळ्यांकडे. भागधारकांच्या नोंदवहीत पहिले नाव त्याचे, दुसरे माझे.

नफा वाटायचा कायदा मला शिकावा लागला, कारण सभेत उत्तरे मीच द्यायचो. घसारा वजा केल्याशिवाय नफा धरता येत नाही. किती द्यायचे ते संचालक सुचवतात. सभेला तो दर कमी करता येतो, वाढवता येत नाही. रसवंतीवाले शेषेराव यांना हे दोन्ही नियम आजतागायत पटलेले नाहीत.

"नफा एवढा झाला म्हणता, अन् हिस्सा एवढुसा?" ते विचारायचे.

"घसारा वजा होतो, शेषेराव."

"मशीन तर मी आत्ताच बघून आलो. हाय तसं हाय."

चांदपाशा म्हणायचा, "तुमचं तोंडबी हाय तसं हाय. पण आतले दोन दात कुठं गेले?"

लोक हसायचे. मग शेषेराव दुसऱ्या नियमावर यायचे. "जेवायला तुम्हीच बोलावायचं, अन् भाकरीबी तुम्हीच मोजायची. मग हात वर करायला आम्हाला कशाला बसवलं?"

"कमी वाढा म्हणायचा तुम्हाला हक्क हाय की," चांदपाशा म्हणायचा.

आमच्याकडे लाभांश बँकेत पाठवत नाहीत. हा चांदपाशाचा नियम. मराठवाडा मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, कारखान्याच्या आवारात सभा होते. तेव्हा बर्फाचा हंगाम संपलेला असतो. लाभांश जाहीर होतो. नोंदवहीतल्या क्रमाने एकेकाचे नाव पुकारायचे. ज्याचे नाव त्याने उठून "हाय" म्हणायचे आणि सगळ्यांसमोर धनादेश हातात घ्यायचा. सीएसाहेबांनी बँकेतून परस्पर जमा करायला सांगितले, तेव्हा चांदपाशा त्यांना म्हणाला, "साहेब, बँकेत गुपचूप पडलेला हिस्सा म्हणजे न बोलावता आलेला पाव्हणा. कवा आला, कवा गेला, घरच्यालाबी कळत न्हाई." त्याचे स्वतःचे खाते एका पतसंस्थेत होते, ती बुडाली. त्यानंतर त्याने दुसरे खाते उघडले नाही. धनादेश घेऊन तो सरळ काउंटरवर जायचा.

नावे पुकारायचे काम त्याचेच होते. पहिले नाव स्वतःचे पुकारायचा, स्वतःच "हाय" म्हणायचा आणि स्वतःच्याच हातात धनादेश द्यायचा. दरवर्षी लोक हसायचे.

कलम ६. २०१८ च्या जुलैमध्ये चांदपाशा मुदखेडच्या एका मासळीवाल्याला भेटायला गेला आणि परत आला नाही. मासळीवाला म्हणाला, भेटला, चहा घेतला, निघाला. स्कूटर मुदखेड स्टेशनच्या स्टँडवर कुलूप लावलेली सापडली. हेल्मेट हँडलला होते. पोलिसांत तक्रार दिली. यासेर हैदराबादपर्यंत आणि इकडे गुलबर्ग्यापर्यंत फिरून आला. कोणी पाहिले नाही. कोणाशी भांडण नव्हते, आजार नव्हता, घरात काही नव्हते. इतक्या वर्षांनीही मला यापुढे एक ओळ लिहिता येत नाही.

त्या सप्टेंबरच्या सभेला तो येईल अशी माझी खात्री होती. कुठेही असला तरी सभेला येईल. नोंदवही मी हातात घेतली आणि पहिले नाव पुकारले. क्रमांक एक, चांदपाशा अब्दुल गनी. कोणी मान वर केली नाही. मी पुन्हा पुकारले. तेव्हा मागच्या बाजूने त्याच्या बायकोचा, शहजादीभाभींचा, आवाज आला.

"बाहेर गेलेत."

मी धनादेश पेटीत ठेवला आणि दुसरे नाव, म्हणजे माझे, पुकारले. तेव्हापासून दरवर्षी असेच होते. तीस दिवसांत न घेतलेला लाभांश कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. तसा ठेवत आलो. तो धनादेश भाभींना देता आला नाही, कारण कायद्याने लाभांश नोंदवहीतल्या माणसाला नाहीतर त्याच्या हुकमाने दुसऱ्याला देता येतो, आणि हुकूम करून तो गेला नाही. यासेर एकदा म्हणाला, "चाचाची सही मला येते." मी त्याला आठवडाभर ऑफिसात येऊ दिले नाही. भाभींनी तर कधी मागितलाच नाही. त्या शिवणकामावर घर चालवतात. वर्षातून एकदा घरात मोठी रक्कम यायची, ती याचीच.

करोनाच्या उन्हाळ्यात लग्ने बंद, रसवंत्या बंद. त्या वर्षी आम्हाला तोटा झाला. तोट्यातही राखीव निधीतून लाभांश देता येतो, पण कायदा मर्यादा घालतो. आधी तोटा भरून काढायचा, दर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या वर न्यायचा नाही, आणि निधीतून काढायच्या रकमेलाही वेगळे बंधन. त्यात बसवून आम्ही थोडा दिला, कारण लोकांच्या घरात चूल पेटायची पंचाईत होती. सीएसाहेब आता म्हणतात, ते एक वर्ष खंड पडला असता तर आज बोलायला जागा होती. पण तेव्हा कोणी पुढचे पाहत नव्हते.

कारण कायदा असा आहे. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर ती रक्कम सरकारच्या गुंतवणूकदारांच्या निधीत जाते आणि तिच्यामागे ते भागही जातात. चांदपाशाच्या भागांची सात वर्षे ऑक्टोबरात पुरी होतात आणि नोव्हेंबरात ते निधीत जातात.

दुसरा एक कायदा आहे. सात वर्षे ज्याची काही खबर नाही, तो मयत असे कोर्टाला धरता येते. ती सात वर्षे या जुलैत पुरी झाली. म्हणजे भाभींनी त्याला मयत ठरवून घेतले तर भाग वारसांना मिळतील. नाही ठरवले तर निधीत जातील. चांदपाशाचे संचालकपद तर सभांना गैरहजर राहिल्यामुळे बारा महिन्यांतच आपोआप गेले होते. संचालकपणाला बारा महिने, भागांना सात वर्षे. भाभींनी मुदत घातलेली नाही.

कलम ७. कंपनीतील माझे सर्व भाग मुलगा सुमेध याला द्यावेत.

हे कलम रद्द. खाली सही केली आहे. ओळ खोडत नाही, म्हणजे आधी काय लिहिले होते ते सुमेधला दिसेल. ध. ग्या. एडके.

कलम ८. सुमेधबद्दल लिहिणे भाग आहे. मागच्या वर्षी तो सभेच्या दिवशी लातूरहून मदतीला आला होता. भाभी "बाहेर गेलेत" म्हणाल्या तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चाची, चाचा आता नाहीत, हे कधीतरी मान्य करावं लागेल ना."

भाभी म्हणाल्या, "बेटा, तू लातूरला भौतिकशास्त्र शिकवतोस. जे दिसत न्हाई ते नसतंच, असं शिकवतोस का पोरांना?"

शेषेराव मोठ्याने म्हणाले, "पुढचं नाव घ्या हो." त्यांनी आयुष्यात सभेला केलेली ही एकच मदत.

मी सुमेधशी दोन महिने नीट बोललो नाही. पण तो वाईट बोलला नव्हता, चुकीच्या जागी बोलला. वकील त्यानेच गाठला, फी त्यानेच भरली. आज दुपारी फोनवर त्याला सांगितले की सही घेतली नाही. तो म्हणाला, "बाबा, मग शेअर जातील. त्या काय खाणार? मी त्यांच्या भल्याचंच म्हणतोय." तेही खरे आहे. म्हणूनच मी अर्ज घेऊन गेलो होतो.

कलम ९. ऑगस्टमध्ये मला चांदपाशाला नोटीस पाठवावी लागली. भाग निधीत जाण्याच्या तीन महिने आधी भागधारकाला त्याच्या पत्त्यावर कळवायचे आणि वर्तमानपत्रात छापायचे, असा नियम आहे. "महोदय, आपण सलग सात वर्षे लाभांश घेतलेला नाही," या कागदावर मी सही केली. त्याला मी जन्मात महोदय म्हटले नव्हते. पेपरात नाव आले त्या दिवशी भाभींना राग आला असेल म्हणून मी मुद्दाम गेलो. त्यांनी कात्रण काढून कपाटाच्या काचेला लावले होते.

"भाऊ, बघितलं का? त्यांचं नाव छापून आलंय. पुढं मरहूम लिहिलेलं न्हाई. भागधारक लिहिलंय."

मी हो म्हणालो.

आज सकाळी गेलो तेव्हा त्या बाहेरच मशीनवर बसल्या होत्या. माझ्या हातातली फाईल पाहून मशीन थांबवले, चहा ठेवला.

"सहीचे कागद हायत?"

"हाव."

"वाचा."

मी वाचले. अर्जदाराचे पती सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता असून ते मयत झाले असे गृहीत धरण्यात यावे.

"कोण धरणार गृहीत?"

"कोर्ट."

"कोर्टानं त्यांना कवा बघितलं होतं का?"

"न्हाई."

"तुम्ही बघितलं होतं. बावीस वर्षं तुम्ही दोघं एका आवारात होता. तुम्ही काय धरता, भाऊ?"

मी म्हणालो, चहा उतू जातोय. तो खरोखर उतू जात होता. त्यांनी गॅस बंद केला आणि पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. चहा देताना म्हणाल्या, "सही न्हाई केली तर काय होतं?"

"भाग सरकारच्या निधीत जातात."

"अन् ते आले तर?"

"कागद दाखवून परत मागता येतात."

"किती दिवसांत यायला पायजे?"

मी सांगितले की त्याला मुदत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग बरंय की. सरकारला तेवढा धीर हाय. असू द्या तिथंच."

मी म्हणालो, मग माझे भाग तुमच्या नावावर करतो, मला ते पुरून उरलेत. त्यावर भाभींनी मशीन सुरू केले. "तुमचं तुमच्याकडं ठेवा भाऊ. तुम्ही अजून घरीच हायत." मी फाईल काखेत घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत मशीनचा आवाज ऐकू येत होता.

कलम १०. वरील सर्व लिहून झाल्यावर मी ठरवतो ते असे. गोदाकाठ बर्फ प्रायव्हेट लिमिटेडमधील माझे सर्व भाग माझ्यामागे श्रीमती शहजादी चांदपाशा यांच्या स्वतःच्या नावावर करावेत. कोणाची पत्नी किंवा कोणाची वारस म्हणून हे देत नाही. कंपनीच्या आवारात पहिली लादी निघाली त्या दिवसापासून त्या तिथे होत्या, आणि पहिल्या उन्हाळ्यात कामगारांची भाकरी त्यांच्या चुलीवर झाली. एवढे कारण पुरे. हे घ्यायला त्यांना नवऱ्याबद्दल कोणत्याही कागदावर काहीही लिहून द्यावे लागू नये. कोणी मागितले तर यासेरने हे कलम दाखवावे. मेलेल्या माणसाचे घ्यायला त्यांची हरकत नसावी, तो मेलेला माणूस मी असलो म्हणजे झाले.

हे भाग मी स्वतःच्या कमाईने घेतलेले आहेत. सुमेधला घर आणि ठेवी मिळत आहेत. त्याने यावर वाद घालू नये. घालणार नाही असे वाटते. माझ्या मृत्यूपूर्वी जाहीर झालेला आणि मला न मिळालेला लाभांश असेल तर तो सुमेधचा, कारण एकदा जाहीर केलेला लाभांश हे कंपनीचे देणे होते. त्यानंतर जाहीर होईल तो भाभींचा.

चांदपाशाचे भाग नोव्हेंबरात निधीत जाऊ द्यावेत. ते माझ्या हातात नाही, आणि हातात असते तरी आता मी अडवले नसते.

कलम ११. नोंदवहीत यापुढे पहिल्या क्रमांकासमोर त्या निधीचे नाव येईल. तरी सभेत यासेरने पहिले नाव चांदपाशाचेच पुकारावे. त्यावर लाभांश द्यायचा नाही, म्हणून कायद्याचा काही प्रश्न येत नाही. शेषेराव हरकत घेतील. त्यांना घेऊ द्यावी, नाहीतर त्यांना सभा झाल्यासारखी वाटत नाही. पहिल्या नावाला भाभींना जे उत्तर द्यायचे ते देतील. त्यानंतर, माझ्या नावाच्या जागी, त्यांचे नाव पुकारावे आणि त्यांनी उठून "हाय" म्हणेपर्यंत थांबावे. धनादेश त्यांच्या हातात द्यावा. बँकेत परस्पर पाठवू नये.

कलम १२. माझ्या अंगणातली जुनी स्कूटर माझी नाही, म्हणून ती कोणाला देता येत नाही. मुदखेड स्टँडवरून मी ती आणली आणि भाभींच्या दारात लावायला गेलो. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडंच राहू द्या, इथं पोरं दिवसभर हॉर्न वाजवत्यात. तुम्ही आणली, तुमच्याकडूनच घेतील." तेव्हापासून मी दर रविवारी ती सुरू करून ठेवतो. नाहीतर इंजिन धरते. माझ्यामागे यासेरने न्यावी आणि रविवार चुकवू नये.

कलम १३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला मी सुमेधलाच नेमतो. त्याला आधी राग येईल, मग तो काम नीट करील.

सुमेध, हे पुढचे फक्त तुझ्यासाठी. शहजादीभाभींसमोर वाचताना इथून खालचा परिच्छेद वाचायचा नाही.

त्यांनी विचारले, तुम्ही काय धरता. मी धरतो की चांदपाशा वारला. २०१८ च्या सभेला दुसऱ्यांदा नाव पुकारले तेव्हाच मी ते धरले. एका पौर्णिमेला विहारात जाऊन त्याच्या नावाने मेणबत्ती लावली, कोणाला सांगितले नाही. माणूस गेला की चार जण येतात, बसतात, काहीबाही बोलतात. त्याच्यासाठी तसे कोणी कुठे बसले नाही. तुझी आई गेली तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन बसायचो. तो गेला तेव्हा बसायला तेच घर होते, आणि तिथे तो बाहेर गेलेला आहे. मी तिथे चहा पितो आणि उठतो. सात वर्षे असे चालले आहे. भाभींनी तुला कधी विचारले की बाबा काय धरून होते, तर बाबांनी काही लिहिलेले नाही असे सांगू नकोस, ते खोटे होईल. एवढेच सांग की बाबा दर रविवारी स्कूटर सुरू करून ठेवत. तेही खरेच आहे.

येथपर्यंत मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही, फक्त कलम ७ रद्द केले आहे. लिहिलेले सर्व माझ्या मनासारखे आहे. खाली मी सही करतो, ती दोन्ही साक्षीदारांनी पाहिली आहे, आणि मग त्यांनी माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या आहेत. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

ठिकाण: नांदेड
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५

सही: धम्मानंद ग्यानोबा एडके

साक्षीदार
१. उमादेवी चंद्रप्पा बिरादार, निवृत्त परिचारिका, मूळ गाव उदगीर, सध्या राहणार नांदेड (शेजारी)
२. शेषेराव मारोतराव गवते, रसवंती व्यवसाय, राहणार नांदेड

सह्यांखाली जे लिहितो ते मृत्युपत्राचा भाग समजू नये. कागद उरला आहे म्हणून लिहितो.

साक्षीदार पाचच्या सुमारास आले. उमादेवींनी चष्मा पुसला, पेन चालते का ते हातावर पाहिले आणि सही केली. काही विचारले नाही. शेषेरावांनी विचारले, "आम्हाला काय हाय यात?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही, शेषेराव."

"म्हणजे तुमच्या सभेसारखंच झालं."

सही करून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "चांदपाशा असता तर म्हणला असता, कमी घ्यायचा तुम्हाला हक्क हाय." आम्ही दोघे हसलो. उमादेवींना काही कळले नाही, तरी त्याही हसल्या. चहा झाला. दोघे एकाच छत्रीतून गेले.

कप धुतले. वकिलांचा अर्ज पाकिटात घातला, उद्या परत नेऊन देईन. पाऊस थांबलेला दिसला म्हणून बाहेर गेलो. स्कूटरवरचे कव्हर काढले, सीट पुसली, किक मारली. सुरू व्हायला वेळ लागला. झाली तशी थोडा वेळ चालू ठेवली. मग बंद करून कव्हर घातले.